रोजचीच बाटली: सदाशिव पेठेतल्या एका धडधडीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे आणि त्यात पहिली चूक माझी आहे. मुलाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे विनय म्हणू. लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "लिहा मॅडम, फक्त कितवा अटेम्प्ट ते लिहू नका." म्हणून ते लिहिलेलं नाही.

पार्श्वभूमी

माझा दवाखाना सदाशिव पेठेत तळमजल्यावर आहे, घर वर. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या. संध्याकाळच्या ओपीडीत निम्मी गर्दी एमपीएससीच्या मुलांची. पित्त, मान धरणं, पोट बिघडणं, झोप न लागणं, तक्रारी याच. विनय परभणीकडचा, वय २४, शेतकरी घरातला. उंच, सडपातळ. आधीचा कुठलाही आजार नाही, सिगारेट नाही, दारू नाही.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी संध्याकाळी तो आला. दोन दिवस जुलाब, आव पडत होती, ताप १०१. मेसमधल्या आणखी दोघांनाही तेच. मी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, ओआरएस आणि तापासाठी पॅरासिटामॉल लिहून दिलं. विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" नाही. "काही व्यसन?" नाही. "चहा-कॉफी?" "चहा तीन-चार कप." मी तसं केसपेपरवर लिहिलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

पूर्व परीक्षा पुढच्या आठवड्याच्या रविवारी होती.

काय घडलं

गुरुवारी रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे शुक्रवारी, पावणेदोनला फोन वाजला. विनयचा रूममेट. "मॅडम, ह्याच्या छातीत काहीतरी होतंय, हात वाकडे होतायत." पाच मिनिटांत दोघे खाली हजर. विनय चालत आला, पण मित्राच्या खांद्यावर भार टाकून. चेहरा घामेजलेला, श्वास भराभर, तोंडाभोवती आणि बोटांत मुंग्या. नाडी १३० च्या घरात. रक्तदाब १५०/९४. ताप नाही. ऑक्सिजन ९९. हात पुढे करायला सांगितले तर बोटं बारीक थरथरत होती.

या पेठेत रात्री दीड-दोनला परीक्षेच्या आधी असा मुलगा आला की निदान जवळजवळ ठरलेलं असतं: टेन्शन, पॅनिक अटॅक. माझ्याही मनात तेच आलं. तरी ईसीजी काढला. छातीला जेल लावताना तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "पण मी रोजच्यासारखंच केलं सगळं."

रोजच्यासारखं म्हणजे काय, हे मी विचारलं नसतं तर मित्राच्या सॅकने सांगितलंच असतं. रुमाल काढायला त्याने चेन उघडली आणि एनर्जी ड्रिंकची लाल रंगाची, अर्धी प्यायलेली बाटली टेबलावर घरंगळली. अडीचशे मिली. मी चष्मा लावून मागचं लेबल वाचायला घेतलं. अक्षरं इतकी बारीक की बाटली ट्यूबलाइटखाली तिरकी धरावी लागली. 'उच्च कॅफीन'. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी नाही. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको.

"ही कितवी?"

"चौथी उघडली होती. तीन संपल्या."

"सोमवारी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीस?"

"तुम्ही चहा-कॉफीचं विचारलं होतं."

बरोबर होतं त्याचं. मी तेवढंच विचारलं होतं.

एरवी रात्रीच्या दोन बाटल्या, दहाला एक आणि एकला एक, हा त्याचा वर्षभराचा नेम. कधी काही झालं नव्हतं. आजारपणात दोन दिवस वाया गेले, ते भरून काढायला गुरुवारी आठपासून बसला. मेसचं जेवण जाईना म्हणून जेवणाच्या जागीही बाटलीच. मित्र मध्येच म्हणाला, "मॅडम, मी पण तीन प्यायलो. मला तर झोप येतीये." मित्राच्या बोटांना सिगारेटचा वास होता. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचा अर्थ नंतर लागला.

समोरचे पर्याय

त्या क्षणी तीन वाटा होत्या.

पहिली, अल्प्राझोलाम या मन शांत करणाऱ्या गोळीची अर्धी देऊन घरी पाठवायचं. आमच्याकडे सर्रास हेच होतं. मुलगा झोपतो, सकाळी बरा असतो, आणि केसपेपरवर 'एन्झायटी' हा शिक्का कायमचा बसतो.

दुसरी, प्रोप्रॅनोलॉल देऊन ठोके खाली आणायचे. दमा नव्हता, रक्तदाब वर होता, औषध चाललं असतं. पण ठोके कशामुळे वाढलेत हे न कळता ते खाली आणणं म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेणं.

तिसरी, रुग्णालयात पाठवायचं.

ईसीजीत लय सरळ होती, वेग १२८, पण मध्येमध्ये खालच्या कप्प्यातून सुटलेले आगंतुक ठोके होते. मशीनने क्यूटीसी ४८२ छापलं (क्यूटी म्हणजे ठोक्याची विद्युत क्रिया सुरू होऊन खालचे कप्पे पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, क्यूटीसी म्हणजे तोच नाडीच्या वेगानुसार जुळवलेला; तो फार लांबला तर लय बिघडू शकते) आणि पोटात गोळा आला, कारण पुरुषात ४५० च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. मग कागदावर पट्टी ठेवून स्वतः मोजलं. क्यूटी ३३० मिलिसेकंद होतं. मशीन बॅझेटचं सूत्र वापरतं आणि नाडी वेगात असली की ते आकडा फुगवतं. फ्रिडेरिशियाच्या सूत्राने तोच आकडा ४२५ आला. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तीन दिवसांचे जुलाब म्हणजे पोटॅशियम खाली असण्याची शक्यता, त्यात सिप्रो स्वतः क्यूटी थोडं लांबवू शकतं, आणि समोर आगंतुक ठोके. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन हाताशी होतं. तेही क्यूटी वाढवतं, म्हणून टाळलं.

रक्त तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं आणि रिक्षाने जवळच्या रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीवर बाटल्या, चहा आणि सिप्रो तिन्ही लिहिलं.

बाटलीत नेमकं काय होतं

ते गेल्यावर मी टेबलावर बसून बेरीज केली. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफीन चालतं. म्हणजे अडीचशे मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. तीन बाटल्या आणि वरचा घोट धरून २५०च्या आसपास, दिवसभराचा तीन कप चहा धरून साडेतीनशे. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसाला ३०० म्हणतात, युरोपातली अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढाला ४०० पर्यंत चालतं म्हणते. म्हणजे विनयचा आकडा सीमेवरचा होता. हात वाकडे व्हावेत इतका नाही. शिवाय वर्षभराची सवय.

कोडं इथेच होतं आणि उत्तर माझ्याच प्रिस्क्रिप्शनमध्ये.

मेंदूत दिवसभर अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि ठरावीक जागी चिकटून 'आता झोप' असं सांगतं. कॅफीन त्या जागा आधीच अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त थकव्याचा निरोप पोचत नाही. हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर त्याचाच दुसरा परिणाम म्हणून ठोके आणि दाब वाढतो. हे कॅफीन शरीरातून काढतं यकृत, प्रामुख्याने सीवायपी१ए२ नावाच्या एका विकराने (एन्झाइमने). साधारण पाच तासांत निम्मं जातं. रात्री दहाला घेतलेल्या ७५ मधलं निम्मं पहाटे तीनलाही रक्तात असतं, हे मुलांना सांगितलं तर ती हसतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन याच विकराला अडवतं. पाच तासांचा हिशेब सात-आठ तासांवर जाऊ शकतो. विनयने सोमवार रात्रीपासून सात गोळ्या घेतल्या होत्या. बुधवारच्या दोन बाटल्यांमधलं जे एरवी सकाळपर्यंत बरंचसं निघून गेलं असतं ते रेंगाळलं. त्यावर गुरुवारचा चहा आणि त्यावर तीन बाटल्या. लेबलवरचा आकडा तोच, रक्तातला नव्हे. आणि मित्र? सिगारेटच्या धुरामुळे हाच विकर जास्त तयार होतो. धूम्रपान करणाऱ्याचं यकृत कॅफीन झपाट्याने संपवतं, म्हणून तो जांभया देत होता. (सिगारेट सोडणाऱ्याला आहे तोच चहा अचानक बाधू लागतो, तोही याच कारणाने.)

बाकीच्या घटकांबद्दल थोडं. साखर: अडीचशे मिलीच्या प्रचलित डब्यात २७ ग्रॅमपर्यंत असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २५ च्या आत ठेवलं तर उत्तम म्हणते. शिवाय साखरेने वाढलेलं इन्सुलिन आणि कॅफीनने वाढलेलं अ‍ॅड्रेनालिन दोन्ही रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. एरवी हे किरकोळ. पण जुलाबाने आधीच गळती लागलेली असताना तोही हातभार लागतो.

टॉरिनबद्दल मुलांमध्ये भलत्याच कथा आहेत, बैलाच्या अमुक अवयवातून काढतात वगैरे. १८२७ मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं आणि नाव त्यावरून पडलं, एवढंच खरं. आज ते कारखान्यात तयार होतं. आपलं शरीर ते स्वतः बनवतं, मासे-मटणातून मिळतं, आणि बाटलीतल्या प्रमाणात त्याने तरतरी येते असा भक्कम पुरावा नाही. ग्लुकुरोनोलॅक्टोन, इनॉसिटॉल यांचंही तेच. मात्र ही मंडळी अगदी निरुपद्रवी आहेत असंही म्हणवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ३४ निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात साधारण ९५० मिली एनर्जी ड्रिंक तासाभरात प्यायल्यावर क्यूटीसी नकली पेयाच्या तुलनेत ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी वाढलेलं आढळलं, आणि ती वाढ चार तासांनीही टिकून होती. निव्वळ कॅफीनने एवढं होत नाही, म्हणून संशय बाकीच्या मिश्रणावर जातो. कोणावर, ते ठरलेलं नाही.

बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे जातात. विनयला म्हणे चार महिने पिवळीजर्द लघवी होत होती आणि कावीळ असेल म्हणून तो घाबरून होता. लेबलवर बी-२ होतं, रंग त्याचाच.

निर्णय आणि पुढचे नऊ दिवस

रुग्णालयात पोटॅशियम ३.१ निघालं. ते ३.५ तरी असायला हवं. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी तपासणी, नॉर्मल. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, दुपारपर्यंत मॉनिटरवर ठेवलं. सकाळी नाडी ९६ वर आली, आगंतुक ठोके थांबले. डिस्चार्ज कार्डवर निदान होतं 'परीक्षेच्या ताणामुळे धडधड'. सिप्रोचा आणि कॅफीनचा उल्लेख नाही. माझी चिठ्ठी फाइलला लावलेली होती, टाचणीसकट. मी तिथल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, कार्ड बदललं नाही.

जुलाब थांबले होते, म्हणून सिप्रो तिथेच बंद केलं. आता प्रश्न बाटलीचा. मला वाटलं होतं हा निर्णय सोपा असेल, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. वर्षभर रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि हे आठवडाभर चालू शकतं. नऊ दिवसांवर पूर्व. वैद्यकीयदृष्ट्या लगेच बंद हे योग्य, पण डोकेदुखीत पूर्व परीक्षेतल्या सीसॅट या पेपरचे उतारे वाचायला लावणं हाही त्याच्यावर अन्यायच. दुसरीकडे, सिप्रोचा असर उतरायला दीड-दोन दिवस तरी लागणार, तोवर रोजचं प्रमाण चालू ठेवणं अशक्य.

ठरलं ते असं. पहिले दोन दिवस सकाळी एक आणि दुपारी एक कप चहा, बस. तिसऱ्या दिवसापासून तीन कप, शेवटचा चारच्या आत. बाटली परीक्षेपर्यंत शून्य. रात्री साडेअकराला दिवा बंद. झोपायच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलीग्रॅम कॅफीनही तासाभराहून जास्त झोप खातं असं प्रयोगात दिसलेलं आहे. चारची मर्यादा मी त्यावरून घातली. विनयने घासाघीस केली: "एक तरी, अर्धी तरी." मी नाही म्हटलं. आज विचार केला तर अर्धी कबूल केली असती. कारण पाचव्या दिवशी त्याने एक प्यायलीच, आणि लपवावी लागली म्हणून तिच्यासोबत अपराधीपणाही. सातव्या दिवशी तपासणीला आला तेव्हा स्वतःच सांगितलं. पोटॅशियम ४.२ होतं, पुढे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हीही नॉर्मल आली.

घरचा फोन

रूममेटने घाबरून रात्रीच परभणीला फोन लावला होता. सकाळी सहाला वडिलांचा मला फोन. "बाई, पोरगं नशापाणी तर करत नाही ना? खरं सांगा." विनय सज्ञान, त्याने घरी काही सांगू नका असं बजावलेलं. मी एवढंच म्हटलं की जिवाला धोका नाही, बाकी तो स्वतः बोलेल. मग रुग्णालयात जाऊन त्याच्या हातात फोन दिला. दहा मिनिटं तो 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होता. शेवटी म्हणाला, "नाही अण्णा, दुकानात मिळतं ते. वीस रुपयाला." वडिलांना त्यावर काय बोलावं सुचलं नसावं. फोन बंद झाला.

अभ्यासिकेच्या मालकालाही भेटले. त्यांच्या फ्रीजमध्ये या बाटल्यांचे दोन कप्पे. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी घालण्याची घोषणा झाली होती, पण अभ्यासिका शाळा नव्हे आणि इथले ग्राहक सज्ञान. मालक म्हणाले, "मॅडम, मी नाही ठेवलं तर समोरची टपरी ठेवते." खोटं नव्हतं. 'दिवसाला दोनपेक्षा जास्त नको, औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा' असा कागद फ्रीजवर चिकटवायला ते तयार झाले. गणपतीत त्यावर मंडळाच्या वर्गणीचा कागद लागला.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारी अँटिबायोटिक द्यायचं की नाही, यावर वाद होऊ शकतो. आव आणि ताप होता म्हणून दिलं, त्याचं वाईट वाटत नाही. पण सिप्रोच का? निव्वळ हाताची सवय. आपल्या भागात आमांशाच्या जंतूंनी सिप्रोला बऱ्यापैकी दाद देणं सोडलंय, अ‍ॅझिथ्रोमायसिन जास्त बरोबर ठरलं असतं. त्याने कॅफीनचा विकर अडत नाही. क्यूटीची काळजी मात्र त्यातही असते, त्यामुळे ते दिलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं असा दावा मी करणार नाही.

सिप्रो दिलंच तर एक वाक्य सोबत जायला हवं होतं. सिप्रो आणि कॅफीन ही जोडी पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत मी तिच्यावर मार्क मिळवलेले आहेत. पण दम्याच्या पेशंटला थिओफिलीन हे कॅफीनच्याच कुळातलं औषध चालू असेल तेव्हाच ती आठवते, वीस रुपयांच्या बाटलीसाठी कोण आठवतो. पोटॅशियमसाठी ओआरएस लिहिलं होतं. ते त्याने घेतलंय का, हेही विचारलं नाही. दोन पाकिटं आणली होती, एक तशीच पडून होती. 'पाण्याच्या जागी बाटली चालते' असा त्याचा समज.

आणि प्रश्नाचे शब्द. व्यसन म्हटलं की मुलांना गुटखा-दारू आठवते, औषध म्हटलं की गोळी, चहा-कॉफी म्हटलं की कप. बाटली कशातच बसत नाही. आता मी विचारते, "रात्री जागायला काय घेतोस?" त्याला बाटलीपासून कॅफीनच्या २०० मिलीग्रॅमच्या गोळ्यांपर्यंत सगळी उत्तरं मिळतात. सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्सासिन लिहिताना खाली रबरी शिक्का मारते: 'गोळ्या चालू असेपर्यंत चहा-कॉफी निम्मी, एनर्जी ड्रिंक बंद.'

निष्पत्ती

विनयने परीक्षा दिली. थोडक्यात राहिली. त्याच्या मते गेलेल्या दोन दिवसांमुळे. मी वाद घातला नाही. धडधड पुन्हा झाली नाही.

डिसेंबरमध्ये घसा धरला म्हणून आला. मी केसपेपर काढेपर्यंत खुर्चीत बसून स्वतःच म्हणाला, "सध्या रात्री एकच घेतो. अँटिबायोटिक देणार असाल तर तीही बंद करतो." घसा बघितला. व्हायरल होता. मिठाच्या गुळण्या सांगितल्या.